बेडूक टपालवाल्याची दुसरी फेरी

"हलवायचा नाही, कानाला लावायचा नाही आणि वजन तर मुळीच करायचं नाही," खारीनं तिसऱ्यांदा बजावलं. "आधी मोठ्यानं नाव घ्यायचं, मगच उघडायचा."

"कळलं गं बाई," शिट्टी म्हणाली. "वार्षिक परीक्षेलासुद्धा एवढे नियम नसतात."

खेळण्यांच्या दुकानाच्या पायरीवर तिघं दाटीवाटीनं बसली होती. मधे खार, एका बाजूला शेजारची शिट्टी आणि दुसऱ्या बाजूला सुट्टीसाठी आलेला आतेभाऊ, मास्तर. खारीच्या मांडीवर मुठीएवढा एक बंद बॉक्स होता. त्यावर लिहिलं होतं 'कामसू मंडळी', आणि आत कोण आहे हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. सगळी गंमत त्यातच होती.

खारीला खार म्हणायचे ते तिच्या खिशांमुळे. स्क्रू, रबरबँड, पेन्सिलीचे तुकडे, असलं काहीबाही ती सतत भरून ठेवायची. हे नाव तिला बाबांनी दिलं होतं. शिट्टीला पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून अशी शिट्टी मारता यायची, की चौथ्या गल्लीतला कुत्रा उठून बसायचा. आणि मास्तर तेरा वर्षांचा असून पेन्शनीत निघाल्यासारखा बोलायचा. त्याच्याजवळ एक वही असायची आणि त्या वहीत तो सगळं लिहायचा.

कामसू मंडळी एकूण बारा होती. कासव ग्रंथपाल, मांजर शिंपीण, ससा सुतार, खेकडा न्हावी, असे अकरा प्राणी आणि बारावं घुबड घड्याळजी. ते दुर्मिळ. अठ्ठेचाळीस बॉक्सच्या एका मोठ्या खोक्यात ते एकच असतं, असं खोक्यावर कंपनीनंच छापलेलं होतं.

खारीचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दर शनिवारी दुकान बंद करून ते तिला इथं आणायचे आणि दोघं मिळून एक बॉक्स घ्यायची. घड्याळांच्या दुकानात खिडकीजवळच्या फळीवर त्यांनी बारा खाचा पाडल्या होत्या, एकेका प्राण्यासाठी एकेक. आता त्या फळीवर अकरा जण उभे होते आणि बारावी खाच रिकामी होती. बाबा हिवाळ्यात वारले. त्यानंतरचे दोन प्राणी खारीनं एकटीनं आणले होते. आणि कंपनीनं आता 'कामसू मंडळी' बंद करायचं ठरवलं होतं. पुढच्या शनिवारी शेवटचा खोका विक्रीला निघणार, मग संपलं.

"घुबड," खार मोठ्यानं म्हणाली आणि तिनं बॉक्स उघडला.

पातळ कागदात गुंडाळलेला हिरवा बेडूक निघाला. खांद्याला टपालाची पिशवी, डोक्यावर टोपी.

"बेडूक," मास्तरनं वहीत लिहिलं. "तुझ्याकडे आहे. म्हणजे डबल."

सवयीनं खारीनं बेडूक उलटा करून त्याच्या पायाखाली पाहिलं होतं, आणि ती तशीच बघत राहिली. मग तिनं खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं. हे भिंगही बाबांचंच. ते डोळ्याला लावून तिनं पुन्हा पाहिलं.

"काय झालं?" शिट्टीनं विचारलं.

"यावर बाबांचं अक्षर आहे," खार म्हणाली.

---

घड्याळजींची एक जुनी रीत असते. घड्याळ दुरुस्त केलं, की झाकणाच्या आतल्या बाजूला ते कोरणीनं बारीकशी तारीख आणि आपली खूण कोरून ठेवतात. पुढं कधी ते घड्याळ दुसऱ्याच्या हाती गेलं, तर त्याला कळतं की आधी कोण येऊन गेलं. बाबांनी एकदा खारीला एका जुनाट घड्याळाचं झाकण दाखवलं होतं. त्यात एकाखाली एक अशा पाच जणांच्या खुणा होत्या. "हे पाचही जण एकमेकांना कधी भेटले नाहीत," बाबा म्हणाले होते, "पण बघ, रांगेत कसे उभे आहेत."

बाबांची खूण म्हणजे दोन काटे, एक लहान, एक मोठा. फळीवर जाणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या पायाखाली ते ही खूण कोरायचे आणि बॉक्स उघडल्याची तारीख. त्या बेडकाच्या पायाखाली नेमके तेच दोन काटे होते आणि मागच्या वर्षीची तारीख होती.

मास्तरनं भिंगातून पाहिलं. शिट्टीनंही पाहिलं. मग तिघंही खारीच्या घरी गेली, कारण ही गोष्ट खात्रीनं सांगू शकेल असं एकच माणूस होतं.

आई घराला लागूनच असलेल्या बाबांच्या दुकानात बसली होती. न नेलेली घड्याळं मालकांना परत करायचं काम ती महिनाभर करत होती. प्रत्येक घड्याळाला बांधलेली चिठ्ठी वाचायची, फोन करायचा, झालेली हकीकत सांगायची. हकीकत सांगताना तिचा आवाज अगदी सपाट असायचा. खारीनं बेडूक तिच्यासमोर ठेवला. आईनं तो उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"बाबांचंच आहे," ती शेवटी म्हणाली. "नऊची शेपटी अशी आत वळवायची खोड त्यांचीच. कुठं मिळाला?"

"नव्या, बंद बॉक्समध्ये. खेळण्यांच्या दुकानात."

आईनं चष्मा काढला. असं कसं होईल, असं ती म्हणाली नाही. मागच्या वर्षी एकदा बेडूक दुसऱ्यांदा निघाला होता, एवढी आठवण तिनं करून दिली. आणि मग खारीलाही सगळं आठवलं. बेडूक डबल निघाला तरी बाबांनी त्याच्या पायाखाली खूण कोरली होती आणि पुढच्या शनिवारी तो अदलाबदलीच्या टोपलीत टाकला होता. तेव्हा खार कुरकुरली होती. बाबा म्हणाले होते, "टपालवाला आहे तो. घरात बसून कसं चालेल? फिरू दे त्याला."

ती टोपली दुकानात गल्ल्याजवळच असायची. आपल्याकडचा डबल प्राणी टोपलीत टाकायचा आणि त्यातला हवा तो घ्यायचा. एक टाका, एक घ्या, एवढाच नियम. त्याला राखण नव्हती, मुलं आपापसातच तो पाळायची.

"म्हणजे टोपलीतला बेडूक बॉक्समध्ये गेला," मास्तर सावकाश म्हणाला. "बेडूक आपण होऊन बॉक्समध्ये शिरत नाहीत."

"आणि आत बसून झडप चिकटवतही नाहीत," शिट्टी म्हणाली.

खारीनं खिशातून रिकामा बॉक्स काढला आणि बुडाच्या झडपेवर भिंग धरलं. फळीखाली जपून ठेवलेल्या जुन्या बॉक्सना कंपनीचा डिंक लागलेला होता, पिवळट, सुकलेला, ठिपक्याठिपक्यांचा. या बॉक्सच्या झडपेवर मात्र गोगलगाय चालून गेल्यासारखी चकाकी होती.

मास्तरनं वहीची मागची पानं उघडली. गल्लीतल्या कोणत्या मुलाला कोणता प्राणी मिळाला याची नोंद तो गेल्या सुट्टीपासून ठेवत होता, मधल्या महिन्यांतलं खार त्याला कळवायची. चार खोके विकले गेले होते. चार अठ्ठेचाळीस म्हणजे एकशे ब्याण्णव बॉक्स. त्यात चार घुबडं हवीत. वहीत एकही घुबड नव्हतं.

"कोणीतरी बॉक्स उघडतंय," तो म्हणाला, "घुबड काढून घेतंय आणि बॉक्स रिकामा राहू नये म्हणून टोपलीतला प्राणी आत ठेवतंय. फुकटात मिळतो ना."

खारीनं रिकाम्या खाचेकडे पाहिलं. शेवटच्या खोक्यातलं घुबडही असंच जाणार होतं.

---

दुकानात मोठी माणसं दोनच. दुकानदारकाका आणि त्यांचे मेहुणे. मेहुण्यांना सगळी गल्ली मेहुणेच म्हणायची, अगदी पाच वर्षांची पोरंसुद्धा. काका गल्ल्यावर बसून हजार तुकड्यांची चित्रं जुळवायचे. समोर गिऱ्हाईक उभं असलं, तरी "एक मिनिट, एवढा ढग बसू दे," म्हणायचे. मागची खोली, माल आणि काचेच्या कपाटाची किल्ली, हे सगळं मेहुण्यांकडे. किल्ली त्यांच्या कमरेला लटकलेली असायची आणि चालताना वाजायची.

शिट्टीचं म्हणणं पडलं, की तडक काकांना जाऊन सांगावं. मास्तरनं मान हलवली. काका मेहुण्यांना विचारतील, मेहुणे हसतील, आणि शेवटच्या खोक्याच्या वेळी ते दुप्पट सावध होतील. मुलांच्या तोंडच्या गोष्टीला पुरावा लागतो. मोठ्यांच्या गोष्टीला नुसता चष्मा पुरतो.

"मग आपणही खूण करू," खार म्हणाली.

मंगळवारी तिघं दुकानात गेली. शिट्टी सरळ गल्ल्याशी गेली आणि काकांच्या चित्रावर ओणवी झाली. बंदराचं चित्र होतं, आणि त्यात निळं आकाश इतकं पसरलेलं, की काका त्यात दोन आठवडे अडकले होते.

"काका, हा तुकडा उलटा लागलाय," ती म्हणाली.

"छे."

"पैज?"

काकांनी तुकडा काढून फिरवला. तो बसला. त्यांनी शिट्टीकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू तिला आजवर त्यांनी ओळखलंच नव्हतं, आणि तिच्यासाठी स्टूल ओढलं. मग पुढची वीस मिनिटं दोघांनाही जगाची शुद्ध नव्हती.

खार आणि मास्तर टोपलीपाशी खाली बसले. अदलाबदल करणारी मुलं नेहमीच तिथं बसायची, त्यामुळं कोणी लक्ष दिलं नाही. टोपलीत अकरा प्राणी होते. मास्तर एकेक उचलून द्यायचा, वहीत नाव लिहायचा, आणि खार बाबांच्या कोरणीनं पायाखाली तीन बारीक ठिपके टोचायची. पहिल्या कासवावर तिचा ठिपका तिरका गेला. बाबा गेल्यापासून तिनं कोरणी हातात धरलीच नव्हती. फळीवरच्या शेवटच्या दोन प्राण्यांचे पाय अजून कोरेच होते. बाबा म्हणायचे, कोरणी दाबायची नाही, तिला तिच्या वजनानं जाऊ द्यायचं. पाचव्या प्राण्यापर्यंत हात स्थिर झाला.

नवव्या प्राण्याला किल्ली वाजली.

मेहुणे मागच्या खोलीतून बाहेर आले आणि टोपलीपाशी थांबले. खारीनं कोरणी मुठीत लपवली. ती तळहाताला टोचली, पण तिनं मूठ सोडली नाही.

"काय चाललंय?"

"यातला कोणता घ्यावा ते ठरत नाहीये," मास्तर म्हणाला. "हिला बदक हवंय, मला खेकडा. मेहुणे, तुम्ही सांगा ना, तुम्हाला कोण आवडतं?"

असा प्रश्न मेहुण्यांना कोणी विचारला नसावा. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, की सगळे सारखेच, प्लास्टिकचे, आणि निघून गेले.

"पेन्शन वाढवायला हवी तुझी," खार कुजबुजली. उरलेले दोन झाले.

बुधवारी दुपारी शेवटचा खोका आला. दुकानामागच्या गल्लीत एक बुटकी भिंत होती. तिच्यावर उभं राहिलं, की मागच्या खोलीचा झरोका बरोबर नाकासमोर यायचा. शिट्टी वर चढली, खार खाली तिचे पाय धरून उभी राहिली. ती हलक्या आवाजात सांगत होती आणि मास्तर लिहीत होता. मेहुण्यांनी खोका उघडला. टपालाची पाकिटं तोलायचा छोटा काटा टेबलावर ठेवला. एकेक बॉक्स काट्यावर. बाजूला. काट्यावर. बाजूला.

"घुबडाच्या पंखात धातूचं घड्याळ असतं," खार खालून म्हणाली. "ते सगळ्यांत जड."

"आता एकाला थांबलेत," शिट्टी म्हणाली. "हसतायत. आता पडदा..." आणि ती उडी मारून खाली आली. "पडदा ओढला."

संध्याकाळी त्यांनी टोपलीतले प्राणी मोजले. दहा. मास्तरनं यादीवर बोट फिरवलं. ससा सुतार नव्हता, आणि त्याच्या बदल्यात कोणी काही टाकलेलंही नव्हतं. समोर काचेच्या कपाटात अठ्ठेचाळीस बॉक्स नीट रचून ठेवले होते आणि कपाटाला कुलूप होतं.

---

शनिवारी दहा वाजता दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतली मुलं तर होतीच, शिवाय चार गल्ल्यांपलीकडचीही आली होती. मेहुणे किल्ली हातात घेऊन कपाटापाशी उभे होते.

खार गल्ल्याशी गेली. काल रात्री तिनं काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण आता त्यातलं एक वाक्यही आठवेना. बरं झालं, शिट्टीनं तोंडात दोन बोटं घातली. त्या शिट्टीनंतर दुकानात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. काकांच्या हातातला ढगाचा तुकडा मात्र खरंच खाली पडला.

"काका," खार म्हणाली, "या अठ्ठेचाळीस बॉक्समध्ये घुबड नाहीये. आणि त्यातल्या एका बॉक्समध्ये ससा सुतार आहे. त्याच्या पायाखाली तीन ठिपके आहेत. कोणत्या बॉक्समध्ये ते मी न उघडता सांगते."

कोणीतरी हसलं. मेहुणेही हसले, पण जरा उशिरा.

काका तिच्याकडे बघत राहिले. इतर कोणी असतं, तर त्यांनी एक मिनिट थांबायला सांगितलं असतं. पण शेजारी शिट्टी उभी होती, आणि चार दिवसांत तिनं त्यांना अर्धं आकाश जुळवून दिलं होतं.

"कपाट उघड," ते मेहुण्यांना म्हणाले.

मेहुण्यांचं म्हणणं, गर्दी आहे, उगीच खोळंबा होईल. काकांनी पुन्हा सांगितलं. किल्ली वाजली.

खारीनं भिंग डोळ्याला लावलं. एकेक बॉक्स उचलून ती त्याचं बूड बघायची आणि गल्ल्यावर ठेवायची. पिवळट ठिपके. पिवळट ठिपके. दहा झाले, वीस झाले. मागची मुलं चुळबुळायला लागली. तिसाव्या बॉक्सला खारीनं भिंग पुसून घेतलं. मेहुण्यांनी या वेळी दुसरा डिंक वापरला असेल तर? एकतिसावा, बत्तिसावा. तेहतिसावा उजेडात फिरवला आणि झडपेवर गोगलगायीची वाट चकाकली.

"हा."

"उघड," काका म्हणाले.

"मी नको. तुम्ही उघडा."

काकांनी बॉक्स उघडला, कागद सोडवला. करवत घेतलेला ससा बाहेर आला. काकांनी तो उलटा केला, डोळ्यांजवळ नेला, मग भिंग मागितलं. मास्तरनं वही उघडून त्यांच्यासमोर धरली. मंगळवार, टोपली, अकरा प्राणी, प्रत्येकी तीन ठिपके. बुधवार, खोका आला. बुधवार संध्याकाळ, ससा नाही.

"पोरांनीच घातला असेल आत," मेहुणे म्हणाले. "यांचा काय भरवसा?"

"कुलूप कधी लावलंस?" काकांनी विचारलं.

"बुधवारी. माल आल्या आल्या."

"मग उघडलं होतंस?"

"छे. किल्ली माझ्याकडे असते. माझ्याशिवाय कोणी हातसुद्धा..."

मेहुणे तिथंच थांबले. त्यांचा हात आपोआप कमरेकडे गेला. दुकानातल्या सगळ्यांनी त्या हाताकडे पाहिलं.

काका उठले. उभे राहिल्यावर ते बरेच उंच आहेत, हे मुलांना त्या दिवशी कळलं. ते मागच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं बुटांचा एक खोका घेऊन आले. आत वर्तमानपत्राच्या कागदात पाच घुबडं गुंडाळून ठेवली होती. प्रत्येकाच्या पंखात एक इवलंसं घड्याळ.

मोठ्या शहरातले शौकीन लोक अशा घुबडांसाठी वाटेल ते मोजतात, असं मेहुण्यांनी हळू आवाजात सांगितलं. "मी कोणाला रिकामा बॉक्स तर दिला नाही ना," ते म्हणाले. "प्रत्येकाला काहीतरी मिळालंच."

"बॉक्समध्ये घुबड असू शकतं, म्हणून मुलं तो घेतात," काका म्हणाले. "ते असू शकणंच तू काढून घेतलंस." मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आणि मी इथं बसून ढग जुळवत होतो."

त्यांनी मेहुण्यांकडून किल्ली घेतली आणि गल्ल्यामागच्या खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी अडकवली. मेहुण्यांना त्यांनी पाचही घुबडं मुलांनी टाकून दिलेल्या रिकाम्या बॉक्समध्ये घालून, सगळ्यांसमोर बुडं चिकटवायला बसवलं. ते होईपर्यंत कोणी जागचं हललं नाही. मेहुण्यांचे कान लालभडक झाले होते.

काकांनी पाचातला एक बॉक्स खारीसमोर धरला. "हा तुझा. पैसे नकोत. तुझ्यामुळं सापडलं."

खारीनं त्या बॉक्सकडे पाहिलं. आत कोण आहे हे तिला माहीत होतं. फळीवरची शेवटची खाच आता हाताच्या अंतरावर होती.

"असा नको, काका," ती म्हणाली. "बाकीच्यांत मिसळून टाका. मी माझ्या पाळीला घेईन."

"वेडी आहेस का गं?" शिट्टी म्हणाली.

"आधी नाव घ्यायचं असतं," खार म्हणाली. "माहीत असेल तर नाव कसलं घेणार?"

काकांनी सगळे बॉक्स मोठ्या खोक्यात ओतले आणि दोन्ही हातांनी ढवळले. रांग लागली. खारीची पाळी आल्यावर तिनं डोळे मिटून एक उचलला, "घुबड" म्हणाली आणि उघडला.

खेकडा न्हावी निघाला, हातात कात्री घेतलेला. खार एक क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं तो डाव्या खिशात ठेवला. चेहऱ्यावर काही दिसू न देणं तिला बऱ्यापैकी जमत असे.

तिच्या मागं शिट्टी होती. तिनं आयुष्यात कधी बॉक्स घेतला नव्हता. "अस्वल," ती बेफिकिरीनं म्हणाली आणि उघडला. घुबड होतं.

"अरेच्चा," शिट्टी म्हणाली. तिनं घुबड खारीपुढं धरलं. खार मान हलवून मागं सरली. तशी शिट्टीनं कपाळावर हात मारला, सरळ टोपलीपाशी गेली, घुबड आत टाकलं आणि बदल्यात बदक उचललं.

"मला बदकच हवं होतं," ती छताकडे बघत म्हणाली. "एक टाका, एक घ्या. नियम आहे बाबा, आपण काय करणार?"

मागून दोनतीन मुलं टोपलीकडे झेपावली. पण मास्तर नेमका तेव्हाच त्यांच्या वाटेत चष्मा शोधायला बसला होता. चष्मा त्याच्या नाकावर होता.

खारीनं खेकडा टोपलीत टाकला आणि घुबड उचललं.

---

दुपारी आईनं बाबांच्या टेबलावरचा दिवा लावला. तो बरेच महिने लागला नव्हता. सकाळची सगळी हकीकत काका स्वतः येऊन सांगून गेले होते. तुमची मुलगी, तो चष्मेवाला आणि ती आकाशवाली, या तिघांनी माझं दुकान राखलं, असं ते म्हणाले होते. त्यावर आईनं त्यांना त्यांचं एक घड्याळ परत दिलं. ते दुरुस्तीला टाकून वर्ष झाल्याचं ते विसरूनच गेले होते.

खारीनं घुबडाच्या पायाखाली आजची तारीख कोरली. खूण काय करावी ते आधी सुचेना. मग तिनं एक छोटी झुपकेदार शेपटी काढली. तीच शेपटी तिनं त्या कोऱ्या राहिलेल्या दोन प्राण्यांच्या पायाखालीही काढली. घुबड बाराव्या खाचेत बरोबर बसलं.

"तीनचा आकडा वाकडा झालाय," आई भिंगातून बघत म्हणाली. "पण कोरणी धरतेस बरोबर. अगदी तशीच."

टेबलावर बेडूक राहिला होता. खारीनं तो उचलला, पुन्हा एकदा बाबांचे दोन काटे पाहिले, आत वळलेली नऊची शेपटी पाहिली. फळीवर एक बेडूक होताच. त्याच्या पायाखालीही तेच काटे होते. तरीसुद्धा हा तिला हातातून खाली ठेववेना. मग खारीनं बाबांच्या खुणेखाली, रांगेत, आपली शेपटी कोरली आणि तारीख घातली.

चार वाजता ती पुन्हा दुकानात गेली. काका गल्ल्यावर होते. चित्र बाजूला सारलेलं होतं आणि ते दाराकडे तोंड करून बसले होते. खारीनं बेडूक टोपलीत ठेवला.

"एक घे ना," काका म्हणाले. "एक टाका, एक घ्या."

"नको. याला फक्त सोडायला आलेय."

पायरीवर शिट्टी आणि मास्तर वाट बघत होते. मास्तरनं वही उघडली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: बेडूक टपालवाला. दुसरी फेरी. सुटला, चार वाजून दहा मिनिटं.

"पोचला कधी, ते कसं लिहिणार?" शिट्टीनं विचारलं.

मास्तरनं जरा विचार केला आणि त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या.